आमच्या ह्यांचं बसणं

आमच्या ह्यांच्या मांड्या लांब होत्या. बाईमाणसानं सांगायची गोष्ट आहे का ही, असं म्हणाल, म्हणा. केस पिकले, दात पडले, आता मी कुणाला लाजू? अन् ही गोष्ट मांड्यांवाचून सांगताच येत नाही.

मी लग्न होऊन ह्या गावात आले तेव्हा निजामाचं राज्य होतं. पोलीस ॲक्शनला अजून तीन-चार वर्षं होती. गाव पूर्णा नदीच्या काठावर, येलदरीच्या खालच्या अंगाला. धरण झालेलं नव्हतं, नदी मोकळी वाहायची. घर लिंगायताचं, एका बैलजोडीची शेती, एक म्हैस, अन् माणसं चारच: सासरे, सासूबाई, हे आणि मी. सासऱ्यांना मी मामंजी म्हणायची, म्हणजे मनातल्या मनात म्हणायची. सुनेनं सासऱ्यापुढं तोंड उघडायचं नाही अशी रीत. त्यामुळं पहिल्या दीड वर्षात मी त्यांच्याशी एक शब्द बोलले नव्हते, अन् तेही माझ्याशी नाही. पाणी हवं असलं की ते ओसरीच्या खांबाला सांगायचे, "पाणी पायजे व्हतं," अन् मी तांब्या खांबाशेजारी ठेवून यायची.

गावाचा मोठा दिवस म्हणजे श्रावणातला शेवटचा सोमवार. त्या दिवशी नदीचं पाणी कावडीनं महादेवाला न्यायचं. कावड म्हणजे एक जाड वेळू, त्याच्या दोन्ही टोकांना शिंक्यात एकेक तांब्याची मोठी घागर. दुसरीकडं कावड एका खांद्यावर घेतात, एक घागर पुढं, एक मागं. आमच्याकडं ती मानेमागून दोन्ही खांद्यांवर आडवी घ्यायची. घागरी घाटाच्या पायरीवर भरून ठेवलेल्या, शिंकी आखूड. म्हणून उचलणाऱ्यानं वेळूखाली उकिडवं बसायचं अन् एका दमात उठायचं. हात गुडघ्यावर टेकायचा नाही, भुईला लावायचा नाही, पाणी सांडायचं नाही. देवळात पोचल्यावर तसंच खाली बसून कावड उतरवायची. देवाचं पाणी बसून घ्यावं अन् बसून द्यावं, असं म्हणत. पाणी सांडलं तर घागरी नदीत रित्या करायच्या अन् मान दुसऱ्या घराकडं जायचा.

मान आमच्या घराचा होता, मामंजींच्या पणज्यापासूनचा. त्याला कारण होतं. घाटाच्या त्या पायरीच्या दगडात दोन पावलं खोल उमटलेली होती, एकमेकांपासून चार बोटांवर. गाव म्हणायचं, ती महादेवाची पावलं आहेत. कावड उचलणाऱ्याचे पाय त्या पावलांतच पाहिजेत, अन् ती बरोबर बसतात ती आमच्याच घरातल्या पुरुषांच्या पायांना. आमच्या घरातले सगळे पुरुष आखूड बांध्याचे, आडव्या अंगाचे. मामंजी कावडीखालून असे उठायचे की घागरीतलं पाणी जागचं हलायचं नाही. मी एकदाच पाहिलं, लग्नानंतरच्या पहिल्या श्रावणात, अन् पदराआडून बघतच राहिले.

पुढच्या माघात मामंजी कडब्याच्या गाडीवरून पडले. गुडघा असा सुजला की महिनाभर उतरेना, अन् उतरला तेव्हा पाय ताठच राहिला. वाकायचं नाव नाही. आता कावड एकुलत्या एक लेकानं उचलायची. दुसरं होतंच कोण?

आता आमचे हे. ताडमाड माणूस. दारातून येताना वाकायचे, तरी महिन्यातून एकदा चौकट कपाळाला लागायचीच. अन् सगळी उंची मांड्यांत. बसले की चारचौघांसारखे, उभे राहिले की सगळे त्यांच्या खांद्याखाली. ती उंची सासूबाईंच्या माहेरची. मामंजींना ते पहिल्यापासून खटकायचं. "खाण तशी माती म्हणतेत," ते म्हणायचे, "हितं मातीच येगळी निघाली. माझ्यावर काई गेला न्हाई." थट्टेनंच म्हणायचे, पण रोज केली की थट्टा थट्टा राहत नाही. सासूबाई चुलीत लाकूड जरा जोरानं सारायच्या.

ज्येष्ठात अंगणात सराव सुरू झाला. मामंजींनी चुन्यानं भुईवर दोन पावलं काढली, चार बोटांच्या अंतरानं. हे सकाळी त्यावर उभे राहायचे, मानेवर वेळू, घागरी अर्ध्या भरलेल्या. खाली जायला लागले की बूड मागं जायचं, छाती गुडघ्यांवर पडायची, वेळू पुढं घसरायचा अन् घागरी हिंदकळायच्या. मामंजी ओट्यावरून ओरडायचे, "पाठ ताठ. पाठ ताठ कर." पाठ ताठ केली की हे उताणे. टाचा उचलल्या की गुडघे लटलट कापायचे. एके दिवशी दोन्ही घागरींसकट मागं पडले अन् शेजारची माणसं भिंतीवरून हसली. मामंजींनी काठी आपटली. "पाठीत कणा हाय का अंबाडीची काडी हाय?"

मला राग आला. सासऱ्यांचा आला अन् ह्यांचाही आला. ज्वारीचं पोतं पाठीवर घेऊन चालणारा हा माणूस, अन् अंगणात बापापुढं लेकरासारखा थरथरतो. जेवताना नुसती भाकरी चिवडत बसायचे. एकदा म्हणाले, "गाव म्हणायलंय, ह्याचे पाय देवाच्या पावलात बसत न्हाईत, म्हंजी हा त्या घरचा हाय का न्हाई. बाबाला बी तसंच वाटत असंल."

"गावाच्या तोंडाला कुणी झाकण लावलंय का? जेवा," मी म्हणाले.

पण मला ते आत लागलं. कावड गेली तर घराचा मान जाईल. जाऊ दे मेला. पण हा माणूस त्यानंतर बापाच्या डोळ्याला डोळा देणार नाही, हे मला दिसत होतं. दोघं एका छपराखाली राहतील अन् एकमेकांपासून तोंड चुकवतील. मला त्याचीच धास्ती होती.

आषाढात एका सकाळी हे म्हशीची धार काढत होते अन् मी रेडकू धरून उभी होते. रोजचंच काम. पण त्या दिवशी मला एकदम दिसलं. हे उकिडवे बसले होते. पाय फाकवलेले, चवडे बाहेर वळवलेले, टाचा भुईला टेकलेल्या, चरवी दोन गुडघ्यांच्या मधे. अन् पाठ अशी ताठ की मामंजींनी बघावी. धार संपेपर्यंत तसेच बसले अन् भरली चरवी घेऊन, कशाला न टेकता उठले.

"अगं बाई," मी म्हणाले, "तुमाला तर बसता येतंय की."

"म्हशीखाली कुणाला बी येतं."

"मंग म्हशीखाली बसल्यावानी कावडीखाली बसा."

त्यांनी माझ्याकडं असं पाहिलं, जसं काही मी म्हशीलाच कावड बांधा म्हणाले.

दुपारी मी सासूबाईंना सांगितलं. सासूबाई लय हुशार बाई, फक्त त्यांना कुणी कधी विचारलं नव्हतं. त्यांनी वातीचा दोरा काढला. मामंजी ओसरीवर ताठ पाय लांब करून घोरत होते. सासूबाईंनी कमरेच्या हाडापासून गुडघ्यापर्यंत दोरा धरला, मग गुडघ्यापासून टाचेपर्यंत. दोन्ही जवळजवळ सारखे. मग ह्यांना मागच्या दारी बोलावून तसंच मोजलं. मांडी नडगीपेक्षा चांगली सहा बोटं जास्त भरली. सासूबाई दोरा हातात घेऊन नुसत्या बसल्या. "माझा बाप असाच व्हता," म्हणाल्या. "पर त्याला कुणी पाय जुळवून बस म्हणलं न्हाई, म्हणून कुणाला कळलं बी न्हाई."

मला तेव्हा नीट सांगता आलं नसतं, आता सांगते. आखूड मांडीचा माणूस पाय जुळवून बसला तरी त्याचं बूड टाचेजवळ राहतं अन् भार पावलांवर पडतो. लांब मांडीवाला तसा बसला तर बूड हातभर मागं जातं, मग तोल सांभाळायला छाती पुढं पडणारच. त्यात पाठीचा दोष नाही. मांड्या बाहेरच्या अंगाला उघडल्या की ती लांबी दोन्हीकडं वाटली जाते अन् माणूस सरळ खाली बसतो. तालमीत बैठका काढणाऱ्यांना हे ठाऊक असेल. आम्हाला म्हशीनं शिकवलं.

दुसऱ्या दिवसापासून धारेच्या वेळी गोठ्यात सराव. मामंजी तेव्हा काठी टेकत नदीवर आंघोळीला जायचे, त्यांना यायला वेळ लागायचा. आम्ही तिघं आपल्याच घरात चोर. आधी मी टाचा उंच राहाव्यात म्हणून खाली गोवऱ्या दिल्या. गोवऱ्यांचा भुगा झाला अन् हे शेणात बसले. सासूबाई हसून हसून खांबाला टेकल्या. त्या घरात मी त्यांना तशा हसताना पहिल्यांदा पाहिलं. मग पाय फाकवून बघितले. एक हात अंतर ठेवलं तर छाती अजून पुढंच. दोन हात ठेवलं तर उठताना गुडघे आत पडायचे. दीड हातावर जमलं. चवडे बाहेर, अन् गुडघे चवड्यांच्या रोखानं. वेळू मी मणक्यावरून दोन बोटं खाली, खांद्याच्या मांसावर घेतला. सासूबाईंनी शिंक्याच्या गाठी चार बोटं सैल केल्या, कारण त्याही मामंजींच्याच मापाच्या होत्या.

मी समोर उकिडवी बसले. "माझ्याकडं बघा," म्हणाले, "भुईकडं नका बघू."

हे खाली बसले, दम धरला अन् उठले. दोन्ही घागरी काठोकाठ. एक थेंब सांडला नाही. कावड उतरवायची सोडून तसेच उभे, माझ्याकडं बघत, डोळ्यांत पाणी. मला तो माणूस तेव्हा इतका आवडला की सासूबाई समोर होत्या म्हणून बरं.

"उतरवा की आता," मी म्हणाले. "दिवसभर नवरदेवावानी उभं राहणार हाव का?"

हे सगळं खरं, पण गाठ होती दगडाशी. पावलं चार बोटांवर अन् ह्यांना पाहिजे दीड हात. मामंजींना सांगायचं कुणी? हे तर बापापुढं मुकेच. सासूबाईंनी दोनदा तोंड उघडलं अन् दोनदा मिटलं. शेवटी मीच सांगितलं. लेकी बोले सुने लागे म्हणतात ना, मी म्हशीला बोलले अन् सासऱ्याला लावलं. मामंजी ओट्यावर तंबाखू मळत बसले होते, गोठा समोरच. मी म्हशीचं अंग घासता घासता मोठ्यानं म्हणाले, "बगा म्हशीबाई, आमचे हे दीड हात पाय फाकवून बसतेत तवा भरल्या घागरी घेऊन उठतेत. पाय जुळवले की पडतेत. मांडी लांब हाय त्यांची, पाठ वाकडी न्हाई. कुणी तरी हे ध्यानात घ्याया पायजे."

म्हैस रवंथ करत राहिली. मामंजींचा हात थांबला. मग ते खांबाला म्हणाले, "पावलं सोडली तर कावड कशाची? देवापुढं कायदा वाकत न्हाई. पाय पावलात ठिवून उचलली तर उचलली, न्हाई तर मान जाईल."

त्या दिवसापासून ते सराव बघायला ओट्यावर बसले नाहीत. आत तोंड फिरवून पडून राहायचे. हे मात्र दोन्हीकडं सराव करायचे, चुन्याच्या पावलांवर बापासाठी अन् गोठ्यात माझ्यासाठी. चुन्याच्या पावलांवर एकदाही जमलं नाही. मी म्हणाले, तिथं जाऊन सरळ पाय फाकवा, कोण काय करतंय? ते म्हणाले, "बाबाचा शबूद मोडून उचललेली कावड मला जड हुईल." असल्या माणसाला काय बोलणार, कपाळ?

शेवटचा सोमवार आला. घाट माणसांनी भरलेला, बाया वरच्या पायऱ्यांवर. भावकीतले एक चुलत सासरे आपल्या लेकाला घेऊन पुढंच उभे होते. पोरगा आखूड, भक्कम, धोतर खोवून तयार. घागरी भरल्या, वेळू शिंक्यांत घातला, देवळाचे पुजारी जंगमस्वामी, त्यांनी ह्यांना विभूती लावली. हे पायरीवर गेले अन् पाय त्या दगडातल्या पावलांत ठेवले. टाचा खोबणीबाहेर आल्या. खालून कुणी तरी हसलं. हे वेळूखाली बसायला लागले अन् छाती पुढं पडली. भार अजून अंगावर आलाही नव्हता. मला बघवेना. मी सासूबाईंचा दंड धरला.

"थांबा," मामंजी म्हणाले.

काठी टेकत ते पायरीपायरीनं खाली उतरले. ताठ पायानं ओल्या दगडावरून उतरायला त्यांना किती वेळ लागला. ह्यांच्यापुढं जाऊन उभे राहिले. काठीच्या टोकानं ह्यांच्या उजव्या पायाला ढोसलं.

"काढ हा बाहेर."

हे बघतच राहिले.

"काढ म्हणतो ना. अजून सरकव." मग मान वळवून त्यांनी वर बायांकडं बघितलं, सरळ माझ्याकडं. "दीड हात न्हवं का, पोरी?"

भर घाटावर सासरा सुनेशी बोलला. बाया माझ्याकडं वळल्या. मला ह्यांचं तोंड दिसत होतं. मी म्हणाले, "व्हय मामंजी. दीड हात. चवडे बाहेर."

चुलत सासरे पुढं झाले. "नाचता येईना अंगण वाकडं. देवाची पावलं सोडून कावड उचलता व्हय?"

"ती देवाची न्हाईत," मामंजी म्हणाले.

घाटावर कालवा झाला. मामंजी काही ओरडले नाहीत, बोलत राहिले, तेव्हा लोकच ऐकायला गप्प झाले. "माझ्या पणज्यानं टाकीनं कोरल्यात ह्या खोबण्या. हितं शेवाळ व्हायचं, त्याचा पाय घसरायचा, म्हणून त्यानं आपल्या पायाच्या मापानं, आपल्या बसण्याच्या मापानं दगड कोरला. माझ्या बापानं मरताना मला सांगितलं. लोकं देवाची म्हणाली अन् आमी गप बसलो. गोड वाटलं आमाला."

"मंग मान तुमचाच कशावरून?"

"न्हाईच," मामंजी म्हणाले. "आजपून जो न सांडता उचलंल त्याचा. आज माझा लेक उचलायलाय."

मी ऐकत होते अन् मला कळत होतं, हा म्हातारा आपल्या हातानं चार पिढ्यांची इज्जत नदीत सोडायलाय. ज्या खोबणीच्या जोरावर तो जन्मभर छाती काढून चालला, तीच. मला वाटलं धावत खाली जावं अन् त्यांच्या पायावर डोकं ठेवावं. दीड वर्ष मी त्यांना मनातल्या मनात काय काय म्हणाले होते, ते सगळं मला तिथं उभ्या उभ्या बोचलं.

जंगमस्वामी म्हणाले, "उचल रे बाबा. देवाला पाणी पायजे, तुझे पाय न्हाई."

ह्यांनी पाय ठेवले. दीड हात, चवडे बाहेर. मामंजी समोर काठी रोवून उभे. हे त्यांच्या तोंडाकडं बघत खाली बसले. पाठ सरळ. चौघांनी वेळू खांद्यावर दिला अन् हात काढले. वेळू दोन्हीकडं वाकला. मामंजींचे ओठ हलत होते, पण पाठ ताठ कर म्हणाले नाहीत. हे उठले. घागरी एकदा डुलल्या अन् थांबल्या. पाण्याचा एक थेंब पायरीवर पडला नाही.

देवळापर्यंतची वाट मी त्यांच्या पाठीकडं बघत चालले. तिथंही ते तसेच बसले अन् कावड उतरवली.

पुढच्या वर्षापासून कावड फिरती झाली. जो उचलेल त्याची. त्या चुलत सासऱ्यांच्या पोरानंही उचलली, मग खालच्या आळीतल्या एकानं. प्रत्येक जण आपापल्या पायाचं अंतर धरून बसायचा. आमचे हे पुन्हा दोनदाच उचलू शकले. आमच्या घरचा मान गेला तो गेलाच, अन् गावात काही जणांनी मामंजींशी बोलणं टाकलं, तेही खरं.

पण त्या सोमवारी संध्याकाळी मामंजी ओट्यावर बसले होते अन् हे त्यांच्या पाया पडायला वाकले. मामंजींनी त्यांना उठू दिलं नाही. पाठीवर हात ठेवला अन् मानेपासून कमरेपर्यंत एकेक मणका चाचपत खाली आणला, बाजारात बैल बघतात तसा.

"लय बोललो मी ह्या पाठीला," ते म्हणाले. "काई खोट नव्हती रे हिच्यात."

हे वाकलेलेच, मला त्यांचं तोंड दिसत नव्हतं. खांदे तेवढे हलत होते. मग तसंच खाली बघत म्हणाले, "बाबा, तुमचा मान गेला माझ्यापायी."

"जाऊ दे," मामंजी म्हणाले. "तू उठलास न्हवं."